बिबडे वाळतात तोवर

एप्रिल उजाडला की सल्ल्यांचा हंगाम सुरू होतो. वीजबिल कसं वाचवाल, उष्माघात कसा टाळाल, एसी एक टनाचा घ्याल की दीड टनाचा. सल्ले चांगलेच असतात. अडचण एवढीच की त्यातले बरेचसे समुद्राच्या वाऱ्याला बसून लिहिलेले असतात. मुंबईत कूलर लावणं म्हणजे खोलीचं मोदकपात्र करणं, म्हणून तिथला माणूस 'कूलरच्या नादी लागू नका' म्हणतो आणि तिथे ते खरंच असतं. तेच वाक्य शहाद्या-तळोद्याच्या घरात जसंच्या तसं येऊन बसतं आणि मागोमाग हप्त्यावरचा एसी येतो. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या टेंभलीत दिलं गेलं. आधार द्यायला दिल्लीला नंदुरबार सापडलं, उन्हाळ्याचा सल्ला देताना मात्र कुणालाच सापडत नाही. तेव्हा आपलं आपणच बघू. माझं म्हणणं असं की मार्चपासून पाऊस येईपर्यंत नंदुरबारमध्ये थंडाव्याचं सगळ्यात स्वस्त यंत्र म्हणजे ज्या कोरड्या हवेला आपण शिव्या घालतो, ती हवाच. कूलर हे तिचं नुसतं खोकं.

पुरावा शोधायला प्रयोगशाळेत जायला नको. नंदुरबारच्या मिरचीचं नाव झालं ते शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर. ओली लाल मिरची मैदानभर पसरायची आणि बाकीचं काम हवेवर सोडायचं. सातपुड्यात कैरीच्या फोडी याच हवेवर वाळून आमचूर होतात. आणि घरोघरचे बिबडे! ज्वारीचा शिजवलेला घाटा ओल्या फडक्यावर थापायचा, फडकं खाटेवर टाकायचं. दुपार कलायच्या आत कडा उचलू लागतात आणि मागून पाण्याचा हात फिरवला की बिबडा सुटून हातात येतो. हवेने पाणी ओढलं म्हणून तो वाळला. पण पाण्याची वाफ फुकट होत नाही. एक लिटर पाणी उडून जाताना जवळपास दोन तृतीयांश युनिट इतकी उष्णता सोबत घेऊन जातं. ही उष्णता खाटेवरून गेली तर बिबडे वाळतात, माठाच्या अंगातून गेली तर पाणी गार होतं, कूलरच्या गवतातून गेली तर माणूस झोपतो. हवा ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर बरा कूलर २६ अंशांच्या आसपासचा वारा देतो. मुंबईच्या ३३ अंशांत, ७५ टक्के आर्द्रतेत, तोच कूलर जेमतेम तीन अंश उतरवतो आणि वर घामाची भर घालतो. यंत्र तेच, हवा वेगळी.

आता पैशाचं बघू. कूलरचा पंखा आणि पंप मिळून दीड-दोनशे वॅट घेतात, म्हणजे रात्रीच्या दहा तासांना दोन युनिटं. दीड टनाचा चांगला एसी तेवढ्याच वेळात सहा-आठ युनिटं सहज खातो. एसीवरच्या ताऱ्यांच्या लेबलवर वर्षाच्या युनिटांचा आकडा असतो, त्यावर भुलू नका. तो वर्षाला १६०० तास धरून काढलेला असतो. आपल्याकडे दुपारची झोप धरली तर हे तास पाऊस यायच्या आतच बरेचसे संपतात. खान्देशात माणसाला दोन स्लॅब भाजतात, एक डोक्यावरचा आणि दुसरा बिलातला. पहिली शंभर युनिटं स्वस्त, पुढे टप्प्याटप्प्याने दर चढतो, आणि एसीची युनिटं नेमकी चढावरच पडतात. दरवाजा उघडा राहिला म्हणून एसीच्या घरात पोरं ओरडा खातात. कूलरच्या घरात उघडा नाही ठेवला म्हणून खायला हवा. कूलर खिडकीबाहेर आणि समोरची खिडकी उघडी, हा त्याचा एकमेव नियम, आणि निम्मी घरं तोच मोडतात. खोली बंद करून कूलर आत घेतला की तासाभरात हवा चिकट होते आणि दोष कंपनीला जातो. टाकीत बर्फ टाकणाऱ्यांसाठी एक हिशेब: किलोभर बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याच्या सातपट एक लिटर पाणी उडताना घेतं. बर्फ सरबतात घाला.

यावर कुणी म्हणेल, मग नुसता पंखा काय वाईट? पस्तीस अंशांपर्यंत काहीच वाईट नाही. पण हवा चाळिशीच्या वर गेली की कोरड्या अंगावर पंखा म्हणजे लोहाराचा भाता. म्हाताऱ्या माणसाला घाम कमी येतो आणि तहानही उशिरा कळते. त्याच्यासमोर नुसता पंखा लावून 'वारा येतोय ना?' विचारणं धोक्याचं आहे. त्याला ओला पंचा, ताक आणि कूलरचा वारा, तिन्ही हवं.

डासांचा आक्षेप खरा आहे. डेंग्यूच्या डासाला स्वच्छ साठलेलं पाणी आवडतं आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण उपसून घासली तर त्याचा संसार मोडतो. बोअरच्या पाण्याने गवतावर चढणारी क्षारांची पांढरी साय त्याच वेळी निघते. विजेच्या धक्क्याचा आक्षेप त्याहून गंभीर, आणि इथे थट्टा नको. पत्र्याचा कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय आणि अर्थिंग नसलेला प्लग, एवढं जमलं की माणूस जातो. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि पाणी भरताना नुसतं बटण बंद करू नका, प्लग ओढा. थंडाव्यात वाचलेल्या पैशातून हा खर्च आधी.

सगळ्यात अवघड आक्षेप पाण्याचा. कूलर रात्रीत चाळीस-पन्नास लिटर सहज पितो. अक्राणी-अक्कलकुव्याच्या ज्या पाड्यांवर बाई हंडा डोक्यावर घेऊन चढण चढते, तिथे कूलरचा सल्ला देणाऱ्याला आधी तो हंडा द्यावा. तिथे कुडाची भिंत स्वतःच श्वास घेते, छप्पर कौलाचं असतं, आणि माठाला लागतं तेवढं पाणी पुरतं. माझा सल्लासुद्धा नळ असलेल्या घरापुरताच, समुद्रकाठच्या सल्ल्याला नावं ठेवून झाल्यावर एवढं कबूल करायला हवं.

राहिला पाहुण्यांचा आक्षेप. मे महिन्यात लग्नाची बोलणी करायला आलेली मंडळी भिंतीवर एसी आहे का ते बघतात. कूलरच्या खडखडाटात हुंड्याचं बोलणं नीट ऐकू येत नाही, हा त्याचा गुण की दोष हे ज्याने त्याने ठरवावं. एसीची खरी बाजू निघते ती पावसाळ्यात. जुलैत हवा ओलीचिंब होते, कूलर तोंड फिरवतो आणि एसी खरोखर कामाचा ठरतो. पण तेव्हा आपण पंख्याखाली भजी खात असतो आणि एसीचे हप्ते भरत असतो. तेव्हा घ्यायची घाई करू नका. खाटेवर टाकलेले बिबडे ज्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाळणार नाहीत, त्या दिवशी कूलरचा पंप बंद करा, टाकी उपसा आणि घासून कोरडी करून ठेवा.