उभ्या गाडीचा मान

मोटार वाहन कायदा, १९८८. कलम १२२ सांगतं, की इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी रस्त्यात उभी करू नये. हे लिहिणाऱ्यानं नांदेड-लातूर रस्ता पाहिलेला नसावा. आमच्या ३६१ नंबरच्या महामार्गावर उभी गाडी म्हणजे मांडवात रुसून बसलेला जावई. त्याला ऊठ कोण म्हणणार? आपणच अंग चोरून बाजूनं निघायचं.

पण ओलांडण्याआधी गाडी खरंच उभी आहे का, हे ठरवावं लागतं, आणि अवघड तेच आहे. उसाच्या दिवसांत लोह्याच्या पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर लागतो. मागं दिवा असेल तर तो मोळ्यांखाली गेलेला. उजवीकडचा इंडिकेटर चालू असला तरी त्याचा अर्थ 'मी वळतोय', 'तुम्ही जा' किंवा 'परवापासून असाच चालू आहे' यांपैकी काहीही होऊ शकतो. जाणकार गाण्यावरून ओळखतात. साऊंड बंद झाला, की ट्रॅक्टर थांबला.

एस.टी.चं तसं नाही. ती फाट्यावर थांबते आणि ड्रायव्हरच्या खिडकीतून हात बाहेर येतो. हाताच्या खुणा नियमांत ठरवून दिलेल्या आहेत, आपण त्यांत थोडी भर घातली. हा हात 'या पुढं' म्हणतो, की नुसताच चुना झाडतो? की हातामागून तोंडही येणार आहे? म्हणून मोटरसायकलवाला क्षणभर मागंच रेंगाळतो. हा नियम कुठं छापलेला नाही, पण सगळ्यात काटेकोर पाळला जातो तो हाच.

बंद पडलेल्या ट्रकची बात निराळी. किन्नर उतरतो, मागं दगडांची रांग मांडतो, बाभळीची फांदी खोचतो. ट्रक दुरुस्त होऊन जातो, दगड राहतात. पुढं कितीतरी दिवस लोक त्या नसलेल्या ट्रकला शिस्तीत वळसा घालतात. असलेल्या ट्रकच्या वाट्याला ही शिस्त कधी आली नाही.

मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरली, की रस्त्याकडेला घोडे, गाढवं, उंटही उभे असतात. उंटाला डिप्पर मारून उपयोग नसतो.

अमेरिकेतला भाचा सांगतो, तिकडं रस्त्याकडेला पोलिसांची किंवा रुग्णवाहिकेची गाडी दिवे लावून उभी दिसली, की येणाऱ्यानं पलीकडची लेन धरायची, नाहीतर वेग कमी करायचा. पन्नासही राज्यांत तसा कायदा आहे. अहमदपूरला काळी-पिवळीत बसलो असताना मी हे ड्रायव्हरला कौतुकानं ऐकवलं.

"मंग आपण काय येगळं करायलोत, सायेब?" म्हणत तो गाडी भर रस्त्यात, चालूच ठेवून उतरला आणि "लातूर, लातूर, लातूर" ओरडत चहाच्या टपरीमागं दिसेनासा झाला. परतल्यावर मी त्याला कलम १२६ सांगितलं. चालक जागेवर नसेल तर इंजिन बंद हवं, ब्रेक लावलेला हवा.

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "बंद करतो की. धक्का माराया तुमी उतरताव?"

मी काही बोलायच्या आत मागच्या मावशींनी पायाशी ठेवलेली कोंबडी उचलून मांडीवर घेतली. "बसा की वो गप. चालू हाय तवर चालू द्या."