कॉट बेसिसवर ओहमचा नियम : नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेत कॉट बेसिसवर नव्याने राहायला आलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. स्पर्धा परीक्षेत यावर प्रश्न येईलच असे नाही, पण महिनाअखेरीस वीजबिलाच्या वाटणीत येतो. अप्पा बळवंत चौकात या विषयाचे ‘अपेक्षित’ मिळत नाही. दोनदा विचारू नये.

साहित्य : पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड (रूममेटचा), बादली, दाब आणि धारा दोन्ही मोजणारा टाँग टेस्टर, आणि घरमालकांचे वीजबिल. टेस्टर तपकीर गल्लीत मिळेल; काय हवे ते ठरवून जावे, नुसते बघायला म्हणून जाऊ नये. वीजबिल मिळवणे हा प्रयोगातला सर्वांत अवघड भाग आहे. प्रयोगासाठी गुरुवार टाळावा. त्या दिवशी दुरुस्तीच्या नावाखाली वीज आणि पाणी दोन्ही जाण्याची शक्यता असते.

पायरी १. दाब मोजा. कागदोपत्री तो २३० व्होल्ट. तेवढाच भरला तर आनंद मानून पुढे जावे.

पायरी २. धारा मोजा. टेस्टरचा चिमटा एकट्या फेजच्या वायरीभोवती बसला पाहिजे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही चिमट्यात घेतल्या, तर जाणारी धारा आणि परतणारी धारा एकमेकींना खोडतात आणि काटा शून्यावर राहतो. रूममेट तेवढ्याच आकड्याचे बिल भरायला आनंदाने तयार होतो. वायरी सुट्या करायचे काम वायरमनकडून करून घ्यावे. रॉड आधी पाण्यात, मग बटण. बटण चालू असताना बादलीत बोट घालून पाणी तापले का हे पाहू नये. समजा, धारा ६.५ अँपियर भरली.

पायरी ३. भागाकार करा. दाब भागिले धारा म्हणजे रोध. २३० ÷ ६.५ = सुमारे ३५.४ ओहम. हा नियम गेऑर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ मध्ये पुस्तकात छापला. मायदेशी त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले, तेव्हा १८४१ साल उजाडले होते. पहिल्या प्रयत्नात पूर्व परीक्षा न निघालेल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पायरी ४. गुणाकार करा. दाब गुणिले धारा म्हणजे शक्ती. २३० × ६.५ = १४९५ वॅट. रॉडवर १५०० छापलेले आहे. पाच वॅटसाठी दुकानदाराशी वाद घालायला जाऊ नये. भागले की रोध, गुणले की शक्ती : एवढे पाठ झाले तरी निम्मा अभ्यासक्रम संपला. मात्र हा सरळ हिशेब रॉड, इस्त्री, गिझर यांचाच. पंख्याला आणि फ्रिजला तो जसाच्या तसा लावू नये. तिथे पॉवर फॅक्टर मध्ये येतो.

पायरी ५. रूममेटचा युक्तिवाद ऐकून घ्या. तो म्हणेल, “सकाळी दाब दोनशेच असतो, म्हणून माझी वीज कमी जळते.” पहिला भाग खरा. रोध तोच राहतो, त्यामुळे धारा ५.६५ अँपियरवर येते आणि शक्ती ११३० वॅटवर. दाब तेरा टक्के पडला की शक्ती जवळपास पाव भागाने घटते. पण पाण्याला लागणारी उष्णता घटत नाही. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे ०.४४ युनिट लागते. पूर्ण दाबाला साधारण साडेसतरा मिनिटे, दोनशे व्होल्टला तेवीस. बादलीचे युनिट तेवढेच. लांबते ती फक्त बाथरूमबाहेरची रांग.

पायरी ६. बिल वाटा. रोज एक बादली धरली तर महिन्याला माणशी तेरा युनिट. शंभर युनिटच्या पुढे दर चढतो, पण तो फक्त पुढच्या युनिटना लागतो. त्यामुळे ‘शंभरावे युनिट कोणी ओलांडले’ यावर रात्र घालवू नये. स्थिर आकार सर्वांनी सारखा वाटून घ्यावा, कारण तो आंघोळ न करणाऱ्यालाही लागतो. वीज आकार, वहन आकार आणि त्यांवरचे १६ टक्के वीज शुल्क युनिटच्या प्रमाणात वाटावे.

पायरी ७. दाराची पाटी वाचा. ‘खोलीत हीटर, शेगडी, इस्त्री लावू नये. लावल्यास खोली सोडावी लागेल.’ ही पाटी खडूसपणाची वाटते. आता गणित करा. खोलीतला साधा सॉकेट ६ अँपियरचा. एकटा रॉडच त्याला जड. वायरीत आणि सॉकेटमध्ये होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पिन सैल असेल आणि तिथे अर्धा ओहम रोध असेल, तर ६.५ अँपियरला २१ वॅट उष्णता त्या पिनपाशीच साठते. एक्स्टेन्शन लावून त्याच सॉकेटवर दोन रॉड चालवले की धारा दुप्पट, उष्णता चौपट : सुमारे ८४ वॅट. जवळजवळ शंभराचा जुना दिवा प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून ठेवावा, तसा हा प्रकार. प्लॅस्टिक वितळल्याचा वास येतो तो इथूनच. एमसीबी मोठ्या अँपियरचा असेल तर तो पडणारही नाही, कारण त्याच्या लेखी सारे आलबेल असते.

निष्कर्ष : वीजबिलाच्या वादात घरमालक चुकत असतील, रूममेट तर हमखास चुकतो, पण पाटी बरोबर आहे. रॉड लावायचाच असेल तर मालकांना विचारून, अडीच एमएमच्या वायरीवरच्या १६ अँपियरच्या पॉइंटवर आणि अर्थिंग तपासूनच लावावा. तसा पॉइंट खोलीत नसेल, तर मालकांकडे सामायिक गिझरची मागणी करावी. ती लेखी करावी आणि सोबत वरचे गणित जोडावे.