रौप्यमहोत्सवी समुद्रगमन

धर्मशास्त्रानं माणसाच्या वाढत्या वयाची नीट सोय लावून ठेवली आहे. साठाव्या वर्षी षष्ट्यब्दीची शांत, ऐंशीच्या आसपास सहस्रचंद्रदर्शन. पण लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून नवरा-बायकोनं काय करावं, याबद्दल सगळे ग्रंथ गप्प आहेत. एकाच माणसाबरोबर पाव शतक काढणं ही तेव्हा नोंद घेण्याजोगी कामगिरी वाटली नसावी. ती मोकळी जागा आता पर्यटन कंपन्यांनी भरून काढली आहे. त्यांच्या शास्त्राप्रमाणे दहाव्या वर्षी बाली, पंचविसाव्या वर्षी क्रूझ आणि पन्नासाव्या वर्षी मुलांच्या खर्चानं पुन्हा क्रूझ.

जुन्या कलिवर्ज्यांच्या यादीत, समुद्रावर जाऊन आलेल्या माणसाला पंगतीत घेणं वर्ज्य सांगितलं आहे. आमच्या सोसायटीत हा नियम उलटा झालाय. बी विंगेतली दोन जोडपी जाऊन आल्यापासून लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण ‘तुमची पंचविशी झाली ना? मग क्रूझ?’ असं विचारतो. घरात आजारी माणूस असताना ‘डॉक्टरांना दाखवलं का?’ हे ज्या स्वरात विचारतात, त्याच स्वरात. शेवटी बायको म्हणाली, ‘‘अहो, जाऊन येऊ या. निदान लिफ्टनं तरी जाता येईल.’’ आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि गेले काही दिवस जिन्यानं ये-जा करत होतो.

मुंबई-गोवा-मुंबई अशी सफर ठरली. खोल्यांची वर्णव्यवस्था एजंटानं समजावून सांगितली. सर्वांत वर सुइट, मग बाल्कनीवाली खोली, मग खिडकीवाली आणि सर्वांत शेवटी ‘इंटीरियर’. इंटीरियरला खिडकी नसते. भाव ऐकताच मला आपण स्वभावानं इंटीरियर आहोत हे जाणवलं. एजंट म्हणाला, ‘‘साहेब, खोलीत बसायला कोण जातं?’’ हाच माणूस दहा मिनिटांपूर्वी बाल्कनीत बसून सूर्योदय पाहणाऱ्या जोडप्याचा फोटो दाखवत होता.

बिनखिडकीच्या खोलीत टीव्ही मात्र मोठा असतो. त्यावर एक वाहिनी अशी, की जहाजाच्या नाकावर बसवलेला कॅमेरा अखंड समुद्र दाखवत राहतो. आपण समुद्राच्या मधोमध, समुद्र भिंतीपलीकडे, आणि आपण तो टीव्हीवर पाहतोय. बायकोनं रिमोट घेऊन आवाज वाढवून पाहिला. आवाजाची सोय नव्हती.

निघायचं ठिकाण बॅलार्ड पिअर. याच धक्क्यावरून एके काळी मुंबईची पोरं विलायतेला जात आणि बॅरिस्टर होऊन परत येत. २०२५ साली इथं नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सुरू झालं. काच, उंच छत, विमानतळाचा थाट. तपासणीत बायकोची छोटी इस्त्री काढून घेतली आणि पावती दिली. जहाजावर इस्त्री म्हणजे आगीचा धोका. पैठणी न चुरगळता नेसण्याचा तिचा बेत तिथंच बुडाला. मागे उभे असलेले एक काका इलेक्ट्रिक किटलीसाठी सुरक्षारक्षकाशी हुज्जत घालत होते, ‘‘अहो, चहा लागतो सकाळी उठल्याउठल्या, समुद्र असो की पुणे.’’ क्रूझ जहाजांचीही एक गंमत आहे. जगातली पुष्कळशी जहाजं बहामा नाहीतर पनामाचा झेंडा लावून फिरतात. कर, कामगार कायदे वगैरे भानगडी तिकडे सोप्या पडतात म्हणे. जहाज फ्लोरिडाचं, प्रवासी नागपूरचे आणि नागरिकत्व पनामाचं, हे आता कुणाला खटकत नाही.

आणि हा सगळा उद्योग मुळात सुरू कसा झाला, तर जहाज रिकामं होतं म्हणून. हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालिन यांच्यापुढे प्रश्न होता, की हिवाळ्यात अटलांटिक ओलांडायला गिऱ्हाईक नाही. १८९१च्या जानेवारीत त्यांनी ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज नुसतंच फिरायला म्हणून भूमध्य समुद्रात पाठवलं. कुठंही पोचायचं नाही, परत यायचं, आणि त्याचे पैसे द्यायचे. लोकांनी दिले. पुढे १९५८ पर्यंत अटलांटिक विमानानं ओलांडणारे बोटीनं ओलांडणाऱ्यांपेक्षा जास्त झाले आणि जहाजवाल्यांना बालिनसाहेबांच्या युक्तीवर पूर्णवेळ उदरनिर्वाह करावा लागला. २०२४ साली पहिल्या सफरीवर निघालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ ३६५ मीटर लांब आहे आणि सात हजारांहून जास्त प्रवासी घेतं. आपल्याकडे एवढ्या वस्तीला ग्रामपंचायत असते.

जहाज हलण्याआधी सगळ्यांना नारिंगी जॅकेटं दाखवून कवायत करायला लावतात. आमच्या आजूबाजूचे लोक सेल्फी काढत होते आणि एक गृहस्थ विचारत होते, की हे चुकवलं तर जेवण आधी मिळतं का. मला इथं हसू आलं नाही. २०१२ साली ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीच्या जील्यो बेटाजवळ खडकावर गेली आणि ३२ माणसं मेली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत अजून व्हायची होती. त्यानंतर नियम बदलला आणि कवायत निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी घेणं बंधनकारक झालं. आपल्याला तर इटलीपर्यंत जायचीही गरज नाही. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. किनारा दिसत असताना. बायकोनं जॅकेटचे पट्टे दोनदा ओढून पाहिले आणि माझेही ओढले. पंचवीस वर्षांत माझी एवढी काळजी तिनं फक्त मुलीच्या लग्नाचा हॉल बुक करायला पाठवताना घेतली होती, तीही हॉलची होती.

त्यानंतर खर्च सुरू झाला. तिकिटावर ‘सर्व समाविष्ट’ लिहिलेलं असतं. हे ‘सर्व’ म्हणजे जेवण, खोली आणि समुद्र. मशीनची कॉफी वेगळी. वायफाय वेगळं. फोटो वेगळे. किनाऱ्यावरची सहल वेगळी. बक्षिसी वेगळी, पण ती आधीच कापलेली, कारण खुशी कंपनीला प्रवाशावर सोडायची नसते. रोख पैसे चालत नाहीत. गळ्यात एक कार्ड अडकवतात, तेच दाराची किल्ली आणि तेच पाकीट. नोट मोजून देताना हाताला जी कळ येते, ती कार्डानं येत नाही. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बिल पाहिलं आणि मग थोडा वेळ समुद्र वाहिनी पाहिली.

कॅसिनो दुपारी बंद होता. दारावरच्या मुलानं सांगितलं, की १२ सागरी मैलांची हद्द ओलांडली की उघडेल. किनाऱ्यापासून साधारण २२ किलोमीटर आत गेलं की भारतीयांची नीती बदलते, हे मला माहीत नव्हतं. महाराष्ट्राची कॅसिनोबद्दलची भूमिका तर त्याहून सुरस आहे. १९७६ साली विधिमंडळानं कॅसिनोला परवाना देणारा आणि कर लावणारा कायदा केला. तो कधीच अमलात आणला नाही. २०२३ साली तो रद्द केला. ४७ वर्षं सेवेत, एक दिवस कामावर नाही. हे ऐकून बायको म्हणाली, ‘‘आमच्या ऑफिसात असे दोघे आहेत.’’ हद्द ओलांडल्याची घोषणा झाली तेव्हा कॅसिनोच्या दाराशी जी झुंबड उडाली, ती पाहता जॅकेटच्या कवायतीसाठीही तिथंच जमवायला हवं होतं.

रात्री फोटोचा कार्यक्रम. ‘टायटॅनिक’ सिनेमा १९९७चा. तेव्हापासून जहाजावर चढलेलं प्रत्येक जोडपं हात पसरून उभं राहायचं ठरवूनच येतं. जहाजाच्या नाकाशी प्रवाशांना जाऊ देत नाहीत. म्हणून आतल्या मजल्यावर एक स्टुडिओ आहे. तिथं समुद्राचा पडदा लावलेला, कठडा प्लायवुडचा, वाऱ्यासाठी पंखा. अरबी समुद्रावर, छताखाली, अरबी समुद्राच्या पडद्यासमोर आम्ही हात पसरून उभे राहिलो. फोटोग्राफर म्हणाला, ‘‘अंकल, थोडा रोमान्स.’’ त्या सिनेमातला नायक बर्फाच्या पाण्यात गोठून मरतो, हे मी त्याला सांगितलं. ‘‘अंकल, तो नंतर मरतो. हा सीन आधीचा आहे,’’ असं तो म्हणाला. मुद्दा बिनतोड होता.

सकाळी मुरगाव. गोवा म्हणून जे डोळ्यांपुढे येतं त्यातलं मुरगाव बंदरात काहीच नाही. समोर कोळशाचे ढिगारे, क्रेन, मालगाड्या. धक्क्यावर उतरून बसमध्ये बसवतात आणि ठरावीक वेळेत सगळा गोवा दाखवून परत आणतात. बायकोनं ही सफर कबूल केली ती मंगेशीच्या अटीवर. तिकडचं कुलदैवत, लग्नाला २५ वर्षं झाली, पायांवर डोकं तरी ठेवू. मंगेशीला रांगेत आमच्यापुढे सगळी बोटीवरचीच माणसं, प्रत्येकाच्या गळ्यात कार्ड, त्यामुळे देवळाचं दार कार्डानं उघडत असावं असं वाटत होतं. बस सुटायची वेळ झाली म्हणून गाईड हाका मारत होता. पुजाऱ्यानं विचारलं, ‘‘अभिषेक करायचा का?’’ बायको म्हणाली, ‘‘भटजी, पुढच्या वेळी करू. बोट सुटेल.’’ मंगेश इतक्या दिवसांत हे कारण ऐकून आहे, त्यानं रागावू नये.

बोट सुटेल हे वाक्य आमच्या सासूबाईंच्या घरातलं. माहेर वेंगुर्ल्याचं. त्यांच्या लहानपणी कोकणात जायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून बोटीनंच. डेकवर सतरंजी पसरली की तेवढी जमीन आपली. शेजारी आंब्याच्या पेट्या किंवा सुकं, मोसमाप्रमाणे. ज्याला बोट लागायची, तो लिंबू चोखत पडायचा आणि ज्याला लागायची नाही तो त्याच्या डोक्याशी बसून चेष्टा करायचा. वेंगुर्ल्याला बोट धक्क्याला लागतच नसे. बाहेर समुद्रात थांबायची, पडाव यायचे, आणि लाट वर आली की बायका-पोरांना हाताला धरून खाली सोडायचे. सासूबाई म्हणतात, ‘‘एकदा माझी ट्रंक आधी पोचली, मी नंतर.’’ पावसाळ्यात सगळं बंद. पुढे एसटी आली आणि ती बोट संपली. २०११ पासून मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण चालू आहे, त्यामुळे तिची आठवण गणपतीच्या आधी दरवर्षी निघते.

आता गंमत बघा. लक्षद्वीपला जाणाऱ्या सफरीत जहाज बेटापासून दूर नांगर टाकतं आणि छोट्या होड्यांतून माणसांना किनाऱ्यावर नेतं. सासूबाईंना जी दगदग होती ती माहितीपत्रकात ‘रोमांचक अनुभव’ म्हणून छापली आहे आणि तिचे पैसे जास्त आहेत. त्यांना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘मग मला त्यांच्याकडून पैसे येणं लागतात.’’ आम्हाला मात्र बोट लागली नाही. जहाजाला दोन्ही बाजूंनी पंखासारखे स्थिरक असतात, ते हेलकावे मारून टाकतात. खाली समुद्र आहे हे बुफेतल्या जेलीवरूनच कळतं, तीही नीट पाहिली तर.

त्याच बुफेत बायकोनं सोलकढी मागितली. वाढणाऱ्या मुलानं मान वर केली. ‘‘माका वाटलाच, तुमी आमच्या थंयचे. सोलकढी नाय हां वयनी, पण पास्ता चांगलो आसा.’’ मुलगा शिरोड्याचा. गोवा आणि खालच्या कोकणातली घरं पिढ्यान्पिढ्या बोटीवरच्या पगारावर उभी आहेत, हा त्यांतलाच. नऊ महिन्यांचा करार, मग काही आठवडे घर, मग पुन्हा बोट. ‘‘वयनी, तुमची किती वर्सां?’’ त्यानं विचारलं. पंचवीस, ती म्हणाली. ‘‘माजी सात. एकत्र धरलीत तर दीड.’’ त्याच्या लग्नाचा वाढदिवस दर वर्षी व्हिडिओ कॉलवर होतो आणि वायफायचं पाकीट त्यालाही विकत घ्यावं लागतं. त्यानं आम्हाला केक दिला, त्यावर चॉकलेटनं २५ काढलेलं होतं. बायकोनं त्यातला पहिला घास त्याला द्यायचं ठरवलं, तर म्हणाला, पाहुण्यांचं खाल्लं तर साहेब ओरडतो.

बोटीवर दोघांना एकत्र बसायला वेळ मिळाला का, हे आम्हाला नंतर लिफ्टमध्ये विचारण्यात आलं. वेळापत्रक पाहिलं असतं तर विचारलं नसतं. योग, झुंबा, टॉवेलचा हत्ती करायचा वर्ग, तंबोला, जादूगार, बॉलीवूड रात्र. पंचवीस वर्षांचा संसार झालेल्यांना एकमेकांशी बोलायची वेळ येऊ नये याची कंपनीनं पूर्ण खबरदारी घेतलेली असते. एकदाच, डीजेच्या आवाजाला कंटाळून मागच्या डेकवर गेलो. तिथं अंधार होता आणि कुणी नव्हतं. बायको म्हणाली, ‘‘अहो, गॅस बंद केला होता ना?’’ मग आम्ही त्यावर बराच वेळ बोललो. चांगलं बोललो.

परत येताना अभिप्रायाचा तक्ता दिला. जेवण, खोली, कर्मचारी, लिफ्ट, कॅसिनो, जादूगार, टॉवेलचा हत्ती, सगळ्यांना दहापैकी गुण. समुद्राला रकाना नव्हता. बायकोनं ‘इतर सूचना’ या ओळीत लिहिलं, की वरच्या डेकवरची गाणी रात्री अकराला बंद करावीत, लाटांचा आवाज ऐकू येत नाही. आठवड्यानं कंपनीचं उत्तर आलं, अतिशय अदबीचं. आपल्या सूचनेबद्दल आभार. पुढील सफरीत आमच्या स्पामध्ये सागरलाटांच्या ध्वनिमुद्रणासह मसाज उपलब्ध आहे. कालावधी ५० मिनिटे. जोडप्यांना सवलत. कर वेगळा.