मॅन्युअलची जागा वाया घालवणाऱ्यास अनावृत पत्र

श्री. स्क्रिप्टकार साहेब यांस,


सर्वप्रथम बढतीबद्दल अभिनंदन. आपण आता आर्किटेक्ट झालात, रात्री फोन बंद ठेवून झोपता असं ऐकतो. रोजच्या फाइली तपासून डेटाबेसमध्ये चढवणारा आपला टास्क मात्र अजून आमच्याच पाळीत आहे. परवा रात्री अडीचच्या सुमारास तो पडला. टास्क ठरल्या क्रमाने चालवणाऱ्या ईसीफ्लोच्या पडद्यावर चालू टास्क हिरवा, संपलेला पिवळा आणि पडलेला लाल, हे विसरला नसालच. मी मॅन्युअलचा टॅब उघडला आणि आपलं समग्र वाङ्मय वाचलं:

"हा टास्क डेटा प्रोसेस करतो. अडचण आल्यास संबंधित टीमशी संपर्क साधावा."

काय ही काटकसर! कुठला डेटा, कुठली टीम, कुठला नंबर, असल्या किरकोळ गोष्टींत आपण अडकलाच नाहीत.

ईसीफ्लो बनवलं ते युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राने. शेकडो टास्क एकमेकांवर अवलंबून असले की एक पडल्यावर काय होतं, हे त्या मंडळींना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी स्क्रिप्टच्या पोटातच %मॅन्युअल आणि %एंड अशा दोन ओळींमधली जागा ऑपरेटरसाठी राखून ठेवली. "स्क्रिप्टमध्ये भरताड नको, जड होते," असं आपण मीटिंगमध्ये म्हणाला होतात. साहेब, जॉबची फाइल तयार होतानाच तो मजकूर गाळला जातो. मशीनला त्यातलं एक अक्षर वाचावं लागत नाही. वाचतो तो फक्त ऑपरेटर. कदाचित म्हणूनच आपल्याला लिहावंसं वाटलं नसेल.

बरं, सगळं एकदम लिहा असंही कोणी म्हणत नाही. एका स्क्रिप्टमध्ये मॅन्युअलचे तुकडे कितीही टाका, पडद्यावर ते जोडून दिसतात. ज्या ओळींबद्दल सांगायचं, त्यांच्या शेजारीच लिहावं. ओळ बदलली की सूचनाही तिथल्या तिथे बदलता येते, आणि बदल तपासणाऱ्यालाही दोन्ही एकत्र दिसतात. आपण मात्र खऱ्या सूचना 'रनबुक_फायनल_नवीन' नावाच्या वर्ड फाइलमध्ये, शेअर ड्राइव्हच्या तळाशी नेऊन ठेवल्यात. काखेत कळसा, गावाला वळसा. ती सापडली तेव्हा त्यात ज्या सर्व्हरवर लॉगिन करायला सांगितलं होतं, तो केव्हाच भंगारात गेलेला.

आणि त्या फाइलमधला पहिला उपाय? "टास्क पुन्हा रन करून पाहावा." वेगळं काही सांगितलं नसेल तर ईसीएफ_ट्राइज या व्हेरिएबलची किंमत २ असते, म्हणजे पडलेला जॉब ईसीफ्लो आपणहून एकदा परत पाठवतो. तो लाल होऊन आमच्यापुढे येतो तेव्हा आपला उपाय करून झालेला असतो.

आम्हाला हवं होतं ते चार ओळींत मावलं असतं. टास्क अर्ध्यात पडला तर चढलेल्या ओळी तशाच राहतात की पुसल्या जातात? राहत असतील तर पुन्हा चालवल्यावर त्या दुप्पट होतील का? हातानं कम्प्लीट केला तर ट्रिगर उघडून पुढचे रिपोर्ट अर्ध्या टेबलावर सुटतील, ते चालेल का? सकाळपर्यंत थांबता येईल, की कोणाला तरी उठवायचं? हे सगळं आपल्याला तोंडपाठ होतं. निरोप समारंभाच्या भाषणात आपण या टास्कच्या खाचाखोचा किती रंगवून सांगितल्यात! टाळ्याही वाजल्या. ते भाषण स्क्रिप्टमध्ये चिकटवलं असतं तरी चाललं असतं.

आपला,
रात्रपाळीचा ऑपरेटर

ता. क. : नवीन काम ईसीफ्लोऐवजी एअरफ्लोवर जाणार आणि त्याची रचना आपण करणार, असं कळलं. तिथंही प्रत्येक टास्कला डॉक_एमडी नावाची जागा असते. मार्कडाउनमध्ये लिहिलेलं पडद्यावर चांगलं सजून दिसतं. आपली ती दोन वाक्यं ठळक अक्षरांत फार शोभतील.