भावी

प्रीमेड हा प्राणी तुम्हाला माहीत आहे. तुमचा भाचा असेल, मावसबहिणीचा मुलगा असेल, नाहीतर न्यू जर्सीला गेलात की ज्यांच्याकडे उतरता त्यांच्या तळघरात राहणारा आणि फक्त जेवायला वर येणारा मुलगा असेल. एडिसनला आमच्या गल्लीत जो आहे त्याला मी भावी म्हणतो. आपल्याकडे चौकाचौकांत फ्लेक्सवर भावी आमदार असतात. हा तिसरीपासून भावी डॉक्टर आहे. त्याच्या आईला वाटतं, मी कौतुकाने म्हणतो.

भावीला तुम्ही काहीही सांगा, त्याचा प्रश्न एकच: "काका, याचे तास धरता येतील का?"

नारळ फोडताना माझा अंगठा कापला. भावीने तो धुतला, दाबून धरला, पट्टी बांधली, सगळं अगदी नीट केलं आणि घड्याळ बघितलं. "वीस मिनिटं. याचे तास धरता येतील का?" त्याच्या नाशिकच्या मोठ्या काकांची बायपास होती तेव्हा सगळं घर फोनला कान लावून रडकुंडीला आलेलं, हा विचारतो, ऑपरेशन व्हिडिओवर दाखवणार असतील तर ते शॅडोइंगमध्ये जाईल का? एकदा रक्तदान करून आला, तो सुई टोचल्यापासून बिस्किट खाईपर्यंतचा वेळ मोजूनच. बिस्किटाची दहा मिनिटं धरायची की वगळायची, यावर आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून त्याने माझा चहा गार केला.

आता, सगळा दोष त्याचा नाही. अमेरिकेत सहसा बारावीनंतर थेट मेडिकलला जाता येत नाही. आधी चार वर्षांची पदवी. मग एमकॅट नावाची साडेसात तासांची परीक्षा, जिचे गुण ४७२ ला सुरू होऊन ५२८ ला संपतात. शून्य ते शंभरमध्ये काय वाईट होतं देव जाणे. मग अर्ज. त्यात जास्तीत जास्त १५ कामं लिहायची: रुग्णालयातली स्वयंसेवा, प्रयोगशाळेतली उमेदवारी, डॉक्टरच्या मागे नुसतं उभं राहणं. हे नुसतं उभं राहणं म्हणजेच शॅडोइंग. प्रत्येक कामापुढे तास लिहायचे, आणि ते तास खरे आहेत असं सांगू शकेल अशा माणसाचं नाव द्यायचं, फोन किंवा ईमेलसकट. या १५ मधली तीन 'सर्वांत अर्थपूर्ण' म्हणून निवडायची. मला डॉक्टर का व्हायचंय, ते ५३०० अक्षरांत सांगायचं, मोकळ्या जागा धरून. एवढं करूनही दरवर्षी अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं बाहेरच राहतात. अशा कारभारात वाढलेलं पोर बिस्किटाची मिनिटं मोजणारच. माझं म्हणणं एवढंच, की ती त्याने स्वतःच्या घरी मोजावी.

गेल्या ऑगस्टमध्ये त्याला मुलाखतीचं पहिलं बोलावणं आलं. संध्याकाळी पेढे घेऊन आला आणि चपला काढता काढता म्हणाला, "काका, एक क्विक क्वेश्चन. इंटरव्ह्यूच्या आधी टॅन करू का?"

भावीचं घराणं मूळचं चिपळूणकडचं, घारं-गोरं. त्यात एमकॅटचं अख्खं वर्ष तळघरात काढलेलं, त्यामुळे हातावरच्या निळ्या शिरा लांबून दिसत होत्या. त्याची अडचण अशी होती: अर्जातलं अकरावं काम हायकिंग. डेलावेअर वॉटर गॅपजवळचा माउंट टॅमनी तो चढला होता, खरोखरच चढला होता, मी फोटो पाहिलेत. अ‍ॅपलाचियन ट्रेलचा न्यू जर्सीतला एक तुकडाही त्याने चालून काढला होता. पण ते सगळं परीक्षेच्या अभ्यासाआधी. "आता माझा फेस बघून कोणाला पटेल का, काका? त्यांना वाटेल, मी तास फुगवले."

म्हणजे पोराला खोटं लपवायचं नव्हतं. खरं होतं ते खरं दिसावं म्हणून त्याला रंग लावायचा होता. यावर काय बोलावं ते मला सुचेना. मी दुसरा पेढा घेतला.

भावी पुराव्याशिवाय काही करत नाही. त्याने केनेडींना काढलं. २६ सप्टेंबर १९६०, शिकागो, टीव्हीवरची ती पहिली जंगी वादचर्चा. केनेडी उन्हात छान रापलेले, तजेलदार. निक्सन नुकतेच गुडघ्याच्या दुखण्यातून उठलेले, पांढरेफटक, त्यात धड मेकअप करून घ्यायला तयार नाहीत. पुढे कोण निवडून आलं ते तुम्हाला माहीत आहे. "ऑप्टिक्स, काका!" मी म्हटलं, "अरे, ते राष्ट्राध्यक्ष व्हायला निघाले होते. तू आधी विद्यार्थी तर हो."

बरं, टॅनिंगच्या यंत्रांचे धोके त्याला दुसऱ्या कोणी सांगायची सोय नाही, तोंडपाठ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ती यंत्रं २००९ मध्ये तंबाखूच्याच गटात नेऊन बसवली. न्यू जर्सीत २०१३ पासून १७ वर्षांखालच्या मुलांना त्यात झोपायला बंदी आहे. ओबामांच्या २०१० च्या आरोग्य कायद्याने या यंत्रांच्या वापरावर १० टक्के कर बसवला, हे तर त्याने मुलाखतीत आरोग्यधोरणावर विचारलं तर सांगायचं म्हणून कार्डावर लिहून ठेवलं होतं. तेव्हा यंत्र बाद. त्याने फवाऱ्याचा मार्ग धरला. फवाऱ्यात डायहायड्रॉक्सिअ‍ॅसिटोन नावाची साधी साखर असते. कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरातल्या अमिनो आम्लांशी तिची गाठ पडली की तपकिरी रंग येतो, आठवडाभराने तो थर झडला की रंगही जातो. भट्टीत पावाची वरची बाजू तांबूस होते, ती क्रिया याच जातीची. साखरेचा हा गुण कळला तोही डॉक्टरांच्याच घरी: १९५० च्या दशकात सिनसिनाटीत आजारी मुलांना ती पाजताना अंगावर सांडली, आणि सांडली तिथे कातडी रंगली. हे सगळं भावीने मला एका दमात सांगितलं, आणि वर म्हणाला, "दुकानातल्या बाईंबरोबर मी चाळीस मिनिटं स्किन हेल्थवर डिस्कशन केलं. याचे तास..."

मी नाही म्हटलं.

मुलाखतीआधी एक रंगीत तालीम हवी म्हणून त्याने गणपतीच्या आदल्या दिवशी फवारा मारून घेतला. आमच्याकडे आरतीला आला तो पांढरा झब्बा घालून. झब्ब्याच्या गळपट्टीला तांबूस कड, आणि चेहरा थेट केशरी पेढ्यासारखा. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पुरुषांनी मोदकाकडे पाहिलं. पण आमच्या मंडळींत एक ज्येष्ठ एन्डोक्रिनॉलॉजिस्ट आहेत, त्यांनी भावीकडे पाहिलं आणि हातातली ताटली खाली ठेवली.

"इकडे ये रे. तळहात दाखव."

तळहातावरच्या रेषांत रंग साचून त्या काळपट झाल्या होत्या.

"थकवा येतो?"

"हो, काका."

"वजन उतरलंय?"

अर्जाच्या हंगामात कोणाचं उतरत नाही? "हो."

"खारट खावंसं वाटतं?"

भावीच्या ताटात लोणच्याच्या तीन फोडी होत्या. डॉक्टरांनी त्याला आ करायला लावून हिरड्या बघितल्या, आणि त्याच्या आईला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "घरात कोणाला अ‍ॅडिसन्स आहे का?" मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी मंदावल्या की हा आजार होतो. अंग काळवंडतं, तळहाताच्या रेषा आणि हिरड्या आधी. आणि हा आजार ज्यांना होता अशा बड्या माणसांत पहिलं नाव केनेडींचं! त्यांचं ते तजेलदार रापलेपण निव्वळ उन्हाचं होतं का, याबद्दल डॉक्टर लोक अजूनही शंका काढतात. भावीने पुरावा आणला होता, पण अर्धाच वाचून.

आईने पदर डोळ्यांना लावला. टाळ थांबले. तेव्हा कुठे भावी पुटपुटला, "स्प्रे आहे." डॉक्टर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. हशा ओसरल्यावर भावीने त्यांना अतिशय नम्रपणे विचारलं, की आत्ता जे झालं ते क्लिनिकल एक्स्पोजर म्हणून धरता येईल का, रुग्णाच्या बाजूने.

रात्री पुण्याहून भावीच्या आजींचा व्हिडिओ कॉल. "अगं बाई, काळवंडलं की गं पोर! उन्हात सोडता कशाला त्याला?" लगेच साय, डाळीचं पीठ आणि हळद असा उतारा सुचवला गेला, आणि सुनेने तो इमानेइतबारे चोपडलाही. केशरीवर पिवळं. आजींचं रंगाचं वेड जुनं आहे. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये बाजारात आली, त्याच्या कितीतरी आधीपासूनचं. त्या क्रीमने २०२० मध्ये निदान नाव तरी बदललं; आजींनी तेवढीही तडजोड केलेली नाही. चार मुली बघून आम्ही हिला पसंत केली ती रंगावर, असं त्या सुनेच्या तोंडावर कौतुकाने सांगतात. आता ज्या घरात सुनेच्या मुलाखतीत कांदेपोह्यांआधी कातडी तपासली गेली, त्या घरातला नातू मुलाखतीला जाताना कातडीची चिंता करतो, तर तो बिघडला असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? मला तर ती परंपरा वाटते. फक्त शिडी उलटी लावली आहे.

एवढ्या उपद्व्यापानंतर मुलाखत झाली ती घरीच, लॅपटॉपवर. २०२० च्या साथीपासून बहुतेक कॉलेजांनी ती सोय उचलली आहे. आईने समोर गोल दिवा असा प्रखर लावला की उरलासुरला रंग त्यात विरघळला आणि पडद्यावर मूळ चिपळूण प्रकट झालं. हायकिंगबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. आरोग्य कायद्याबद्दलही नाही. विचारलं ते असं: अर्जात नसलेलं काहीतरी सांग.

भावी गप्प. आयुष्यात जे जे केलं ते सगळं अर्जात होतं, तासांसकट. मग, त्याच्याच शब्दांत, "अण्णा आजोबाच आठवले."

अण्णा म्हणजे माझे वडील. सांगलीला असतात, ट्रेझरीतून निवृत्त. त्याआधीच्या वर्षी ते आमच्याकडे सहा महिने राहायला आले होते आणि आम्ही दोघं कामावर गेलो की घरात कंटाळत. भावी त्यांच्याकडे येऊ लागला तो, उगाच सोंग कशाला, तासांसाठीच. ज्येष्ठांची सोबत, असं काहीतरी त्याचं इंग्रजी नाव होतं. रक्तदाब मोजायचा, वहीत लिहायचा, रूझवेल्ट पार्कात त्यांना एक फेरी मारून आणायचा. पण अर्ज भरायची वेळ आली तेव्हा खात्रीला माणूस कोण? तोवर अण्णा सांगलीला परतलेले. उद्या कॉलेजवाल्यांनी खरंच फोन केला, अपरात्री, इंग्रजीत, तर अण्णा तो ओटीपी मागणारा भामटा समजून त्याच्या सात पिढ्या उद्धरतील, हे भावीला पटलं. त्याने ती नोंद काढून टाकली. ते सगळे तास वाया.

तरी दर रविवारी तो त्यांना फोन करतो. रक्तदाब विचारतो, गोळी घेतली का विचारतो, मग दोघं क्रिकेटवर बोलतात. का करतो, हे मी विचारलेलं नाही. विचारलं तर 'फॉलोअप' म्हणेल आणि मला ते ऐकायचं नाही.

एक मात्र नोंदवून ठेवतो. अण्णांनी उभं आयुष्य लोकांची बिलं तपासण्यात घालवलं. समोर वही दिसली की त्यांना राहवत नाही. एके दुपारी भावीची तासांची वही त्यांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून तपासली. दोन तास पन्नास मिनिटं बसला, तिथे दोन लिहिलेले. पावणेचार तिथे तीन. सगळीकडे कमी, जास्त कुठेच नाही. रक्तदानाच्या ओळीत बिस्किटाची दहा मिनिटं वगळलेली. असं का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "मध्ये चहा झाला, गप्पा झाल्या, ते कसं धरणार?" प्रवासभत्त्याची फुगवलेली बिलं बघण्यात ज्यांची हयात गेली त्या अण्णांनी वही मिटली आणि मला सांगितलं, "पोरगं येडं आहे, पण हिशेबाला चोख आहे."

सध्या भावी एका कॉलेजच्या प्रतीक्षायादीत आहे. यंदा जमलं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, आणि त्यासाठी आणखी तास. वाचकांपैकी कोणी न्यू जर्सीत डॉक्टर असेल आणि आठवड्यातली एखादी दुपार मागे कोणी उभं राहिलेलं चालत असेल, तर कळवा. मुलगा वेळेवर येतो, मध्येमध्ये बोलत नाही. जाताना तासांचा कागद पुढे करेल, त्यावर न वाचता सही केलीत तरी चालेल.