इक्वलायझरची चकलांबा पद्धत

मिक्सिंग शिकायला पोरे पुण्या-मुंबईला जाऊन बापाचे पैसे का घालवतात, हे कोडेच आहे. गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यात लग्नसराईत डीजेच्या टेम्पोवर चढले, की एका वरातीत विद्या पदरात पडते.

पुस्तकी मंडळी सांगतात, नको ती फ्रिक्वेन्सी कमी करा, उगाच काही वाढवू नका. ही चिक्कू वृत्ती झाली. ३१ पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरवर एकेक पट्टी १२ डेसिबलपर्यंत वर जाते; मालकाने पैसे मोजले ते काय ती मधोमध ठेवायला? नवशिक्याने आधी डावीकडच्या, बेसच्या पट्ट्या टोकाला न्याव्यात. गल्लीतले पत्रे थरथरले, की पहिला धडा पूर्ण. मग उजवीकडच्या. माईकने शिट्टी मारली, की दुसरा. मधल्या, साधारण ३०० ते ३००० हर्ट्झच्या पट्ट्या मात्र पार तळाला. माणसाचे बोलणे मुख्यतः तिथेच राहते, आणि वरातीत बोलण्यासारखे कुणाकडे असते काय? त्याच सेटिंगवर मंगलाष्टकेही आपोआप आटोपतात. मुहूर्त टळत नाही.

निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबल, ही २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा. तेवढी तर जनरेटर चालू करायलाच लागते.

परवा एका शिकाऊ गड्याने तासभर पट्ट्या वरखाली केल्या. ‘आत्ता कसा आवाज मोकळा झाला!’ म्हणत नवरदेवाच्या मामांनी पाचशेची नोट त्याच्या खिशात कोंबली. बायपासचे बटण पहिल्यापासून दाबलेलेच होते.

इच्छुकांनी लग्नसराईत यावे. येताना कान आणण्याची सक्ती नाही.