साडेतीनशे रुपयांचा डबा

अहो, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या बंगल्यातला थोरला, तो हो, पहाटे गाडी काढून सगळ्या गल्लीला जागं करणारा… त्याची गाडी पीयूसीत नापास! सीओ किती आला? 1.4! बीएस-फोरला 0.3 च्या आत लागतो ना. पीयूसीवाल्यानं प्रोब बाहेर काढला, पुसला, परत सायलेन्सरच्या नळीत घातला, तरी तेच. "तुमचं मशीन बिघडलंय," म्हणाला हा. आणि मागे उभ्या आजोबांची पुराणी गाडी त्याच मशीनवर झटक्यात पास. चेहरा असा उतरला म्हणे…

दिवाळीत ते स्टेज टू का काय करून घेतलं होतं ना. हेडर बदलले, ईसीयू रीमॅप केला आणि चांगला कॅट कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकला. पॉवर वाढते म्हणे! सुप्रीम कोर्टानं 2019 मध्येच सांगितलंय, कंपनीच्या गाडीत मनमानी बदल नकोत म्हणून. पण पोरं ऐकतात कुठली?

तर काय सांगत होते… हां, तो काढलेला कॅट. हळू बोलते, त्याची आई तुळशीपाशीच आहे. हा शोधायला माळ्यावर चढला, तर डबा गायब! आईनं संक्रांतीच्या साफसफाईत भंगारात काढलेला. "साडेतीनशे आले, पन्नास तर मीच वाढवून घेतले," असं कौतुकानं सांगतायत. आणि हा पायरीवर मटकन बसला, "आई, त्यात प्लॅटिनम असतं गं, पॅलेडियम, ऱ्होडियम…" प्लॅटिनम म्हटल्यावर आजी जप सोडून बाहेर!

नवा घेतला शेवटी. किती पडला ते सांगत नाहीत, पण यंदाचं महाबळेश्वर कॅन्सल झालंय, एवढं मला कळलं.

पण तो नवा ट्यूनर शहाणा निघाला हो. आमचे हे उभेच होते तिथे. म्हणाला, "कॅटशिवाय मिक्श्चर कितीही जुळवा, 0.3 गाठणं अवघड. आयडलला आणि साध्या चालीत ऑक्सिजन सेन्सरचं ऐकायचं, हवा 14.7 ला पेट्रोल एक. पेट्रोल जास्त ओतायचं ते पाय पूर्ण दाबल्यावरच." म्हणजे पळवायची हौसही भागली आणि अडीच हजार आरपीएमला लॅम्ब्डाही 0.97 ते 1.03 च्या मध्ये! हे आधीच करता आलं नसतं का? आणि तपासणीला घरून थेट जायचं नाही, वीसेक मिनिटं पळवून न्यायची. कॅट गार असला तर काम करत नाही, थंड तव्यावर भाकरी टाकल्यासारखं.

झाली हो पास, कालच. पेढे नाही वाटले, पण आवाज जरा कमी झालाय, नाही?

आणि तो भंगारवाला… एरवी रद्दीच्या अर्ध्या किलोसाठी भांडणारा! आता रोज सकाळी त्यांच्याच फाटकाशी थांबतो. "ताई, तसला आणखी एखादा डबा आहे का?"